बोरघाटाखालची पत आणि इंडियन बँक्स असोसिएशन

घाटवाटेच्या पायथ्याशी वाढलेल्या बाजारगावांचा इतिहास जितका मालाच्या ने-आणीचा असतो, तितकाच तो पतीचा असतो. पत म्हणजे, हाती रोकड नसतानाही माणसाच्या शब्दावर किंवा त्याने लिहून दिलेल्या कागदावर बाजार जो भरवसा ठेवतो तो. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीलगतचे साजगाव हे अशा गावांपैकी एक असून, कोकण आणि देश यांना जोडणारा बोरघाट जेथे चढू लागतो त्या मुलखात ते वसले आहे. कार्तिकी एकादशीपासून येथे भरणारी विठ्ठलाची यात्रा धाकटी पंढरी म्हणून ओळखली जाते, आणि तीत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरत असल्याने लोक या देवाला बोंबल्या विठोबा म्हणतात. किनाऱ्यावरून सुकी मासळी वर यावी, देशावरून घोंगडी, मिरची व धान्य खाली उतरावे आणि देवाच्या निमित्ताने दोन्हींची गाठ पडावी, असा हा जुना व्यवहार आहे. देहूचे संत तुकाराम मिरची विकण्यासाठी येथवर आले होते, अशी परंपरा या पंचक्रोशीत सांगितली जाते. त्याच तुकारामांच्या घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती, आणि दुष्काळानंतर त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली असेही परंपरा सांगते. परंपरेतील हे प्रसंग इतिहासाच्या कसोटीवर किती उतरतात हा वेगळा प्रश्न असला, तरी बाजार, उधारी आणि कर्जखत या तीन गोष्टी या वाटेवर फार पूर्वीपासून एकत्र नांदत होत्या, एवढे त्यांतून निश्चित दिसते.

या जुन्या पतव्यवस्थेचे मुख्य साधन हुंडी हे होते. हुंडी म्हणजे एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यास, अमुक रक्कम अमुक माणसास द्यावी, असे लिहिलेले पत्र. पत्र दाखविताच पैसे द्यावयाचे असल्यास ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनंतर द्यावयाचे असल्यास मुदती हुंडी, आणि बाजारात प्रतिष्ठा असलेल्या माणसाच्याच हाती पैसे पडावेत अशी अट असल्यास शहाजोग हुंडी. जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार तर अधिकच लक्षणीय होता, कारण तिचे पैसे पाठविलेला माल सुखरूप पोहोचला तरच द्यावयाचे असत आणि त्यामुळे उधारी व विमा ही दोन्ही कामे एकाच कागदावर होत. हुंडी हरवल्यास तिची दुसरी प्रत निघे तिला पेठ म्हणत, आणि तीही हरवल्यास तिसरी निघे ती परपेठ. हे नियम कोणत्याही सरकारने केलेले नव्हते. ते सावकारांनी आणि श्रॉफांनी, म्हणजे नाणी पारखणाऱ्या व हुंड्या वटविणाऱ्या पेढीवाल्यांनी, आपसांत पाळलेले नियम होते, आणि ते मोडणाऱ्यास पेठेत पुढे कोणी उभे करीत नसे. मुंबईच्या श्रॉफांची संघटना विसाव्या शतकातही बाजारातील हुंडीचा दर ठरवीत असे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेढ्यांनीही काही गोष्टी एकत्र बसूनच ठरवाव्या लागतात, ही जाणीव त्यामुळे भारतीय बँकव्यवसायाला परदेशातून आणावी लागली नाही, आणि त्याच्या राष्ट्रीय संघटनेचा इतिहास लिहिताना तिची नोंद आधी करणे उचित ठरते.

भागभांडवलावर चालणाऱ्या आधुनिक बँका मात्र या जाणिवेला बराच काळ पारख्या राहिल्या. मुंबईत १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात उसळलेल्या कापसाच्या सट्ट्यात सापडून १८६८ मध्ये बुडाली आणि त्याच नावाने पुन्हा उभी करावी लागली. पुढे १९२१ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील तिन्ही इलाखा-बँकांचे एकत्रीकरण होऊन इंपीरियल बँक झाली. स्वदेशी चळवळीच्या लाटेत निघालेल्या अनेक बँका १९१३ नंतरच्या संकटात कोलमडल्या, त्यांत मुंबईची इंडियन स्पेशी बँकही होती. त्याच लाटेतील बँक ऑफ इंडिया (१९०६) आणि सेंट्रल बँक ऑफ इंडिया (१९११) या तरल्या, आणि पुण्यात १९३५ साली नोंदविली गेलेली बँक ऑफ महाराष्ट्र पुढच्या वर्षी कामाला लागली. परकीय चलनाचा किफायतशीर धंदा एक्स्चेंज बँकांच्या, म्हणजे परदेशात मुख्य कचेरी असलेल्या बँकांच्या हाती होता आणि त्यांची स्वतःची मंडळे होती, परंतु भारतीय मालकीच्या बँकांना सरकारपुढे एका तोंडाने बोलता येईल असे व्यासपीठ नव्हते.

ते उभे राहण्यास १९४६ हे साल यावे लागले, यात योगायोगाचा भाग थोडा आणि कारणांचा भाग मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात चलन फुगले, ठेवी वाढल्या आणि बँकांनी भराभर शाखा उघडल्या, त्यांपैकी अनेक शाखांचा पाया कच्चा होता. १९४६ च्या जानेवारीत सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा वटहुकमाने रद्द केल्या. बँकांची तपासणी करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला देणारा वटहुकूमही त्याच वर्षी निघाला, शाखा उघडण्यावर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, आणि संपूर्ण बँकव्यवसायासाठी एक सर्वंकष कायदा करण्याची सिद्धता चालू होती, जी पुढे १९४९ च्या कायद्यात फलद्रूप झाली. दुसरीकडे युद्धकालीन महागाईने पिचलेला बँक कर्मचारी संघटित होत होता. २० एप्रिल १९४६ रोजी कलकत्त्यात अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना, म्हणजे एआयबीईए, स्थापन झाली आणि त्याच वर्षी इंपीरियल बँकेच्या कर्मचाऱ्यांनी ४६ दिवसांचा संप केला. सरकारी नियंत्रण आणि कामगारांची एकजूट अशा दोन्ही बाजूंनी दाब वाढत असताना २६ सप्टेंबर १९४६ रोजी २२ बँकांनी मुंबईत इंडियन बँक्स असोसिएशन, म्हणजेच आयबीए, स्थापन केली. बँकव्यवसायाचा विकास, सदस्यांत विचारविनिमय व समन्वय, आणि सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यापुढे व्यवसायाची बाजू मांडणे असे तिचे हेतू होते. तिला कायद्याने कोणताही अधिकार मिळाला नाही. सदस्यत्व ऐच्छिक, निर्णयांचे बळ केवळ संमतीचे, आणि अध्यक्ष एखाद्या सदस्य बँकेचाच प्रमुख, अशी तिची रचना तेव्हापासून आहे. मालकांचा संघ आणि कामगारांचा संघ पाच महिन्यांच्या अंतराने जन्मले आणि पुढील इतिहासात दोघांनी एकमेकांना घडविले, हे या संस्थेच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

पहिली वीस वर्षे हे घडणे न्यायासनांसमोर झाले. १९४९ मध्ये न्यायमूर्ती के. सी. सेन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांसाठी औद्योगिक न्यायाधिकरण, म्हणजे मालक व कामगार यांच्यातील तंटा सोडविणारे खास न्यायालय, नेमण्यात आले, परंतु त्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्द ठरविला. त्यानंतर शास्त्री न्यायाधिकरणाने १९५३ मध्ये निवाडा दिला, त्यावर अपील झाले, आणि १९५४ मध्ये अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयात केंद्र सरकारने केलेला फेरफार मान्य नसल्याने कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. तेव्हा नेमलेल्या आयोगाचे काम न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी पूर्ण केले, आणि १९५५ मध्ये त्यावर कायदा झाला. १९६२ चा देसाई निवाडा हा या मालिकेतील शेवटचा. या निवाड्यांत बँकेची ऐपत आणि शाखेच्या गावाचा आकार पाहून बँकांचे व गावांचे वर्ग पाडलेले होते, त्यामुळे एकच खातेवही लिहिणाऱ्या दोन कारकुनांपैकी मुंबईतल्याला अधिक आणि घाटाखालच्या लहान गावातल्याला कमी पगार मिळणे हा नियमच होता. खर्च दोन्ही पक्षांना जड जात होता, निकालाला वर्षे लागत होती, आणि निकाल लागला तरी तंटा मिटत नव्हता.

या अनुभवातून १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्षीय करार झाला, म्हणजे न्यायालयाचा आधार न घेता मालक व कामगार यांनी समोरासमोर बसून केलेला करार. एका बाजूला आयबीए व मुंबईच्या एक्स्चेंज बँकांचा संघ, तर दुसऱ्या बाजूला एआयबीईए व अखिल भारतीय बँक कर्मचारी महासंघ होते. तेव्हापासून चालत आलेली पद्धत अशी की, सदस्य बँका आयबीएला वाटाघाटीचा लेखी अधिकार देतात, संघ कर्मचारी संघटनांशी बोलणी करतो आणि ठरलेल्या वेतनश्रेणी, महागाई भत्ता व सेवाशर्ती त्या सर्व बँकांना सारख्याच लागू होतात. ८ मार्च २०२४ रोजी झालेला करार हा या मालिकेतील बारावा होय. एखाद्या देशातील सरकारी, खासगी आणि परदेशी अशा तिन्ही प्रकारच्या बँकांनी इतकी वर्षे एकाच टेबलावरून आपल्या कर्मचाऱ्यांचे वेतन ठरवावे, ही गोष्ट असामान्य आहे. तिचे श्रेय केवळ मालकांना किंवा केवळ कामगारांना देणे इतिहासाला धरून होणार नाही.

१९ जुलै १९६९ रोजी ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८० मध्ये आणखी सहा बँकांची त्यांत भर पडली. मालकांच्या संघातील बहुतेक मोठे सदस्य आता सरकारच्या मालकीचे झाले असल्याने संघाची गरजच उरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते, पण प्रत्यक्षात उलट घडले. अग्रणी बँक योजनेने, म्हणजे एका जिल्ह्यातील सर्व बँकांच्या कामाची सांगड घालण्याची जबाबदारी एका बँकेवर सोपविणाऱ्या व्यवस्थेने, प्रत्येक जिल्हा कोणत्या ना कोणत्या बँकेच्या वाट्याला आला. पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्याची अग्रणी बँक, बँक ऑफ इंडिया, ही आयबीएचीही जुनी सदस्य. शाखा लहान गावांकडे सरकू लागल्या तशी, एका बँकेत एक आणि शेजारच्या बँकेत दुसरी अशी पद्धत ग्राहकाला व कर्मचाऱ्याला सारखीच जाचू लागली, आणि सर्व बँकांसाठी समान नमुने, समान अर्ज, समान कार्यपद्धती तयार करण्याचे काम संघाकडे आपोआप आले.

बोरघाटाच्या परिसराला या समान कार्यपद्धतींपैकी जी सर्वांत जवळून स्पर्शून गेली, ती मालवाहतुकीच्या पावतीची होय. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला, १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, १८६३ मध्ये आगगाडी घाट चढून गेली, आणि १९१५ पासून खोपोलीला टाटांच्या जलविद्युत केंद्रात वीज निर्माण होऊ लागली. पुढे लोखंडाचे, कागदाचे व रसायनांचे कारखाने आले आणि त्यांचा माल ट्रकने जाऊ लागला. ट्रकवाल्याने माल ताब्यात घेतल्याची जी पावती द्यायची, तिला बाजारात बिल्टी म्हणतात. विक्रेता ही बिल्टी व मालाचे बिल आपल्या बँकेत देतो, बँक त्यावर आगाऊ रक्कम देते आणि खरेदीदाराने त्याच्या गावच्या शाखेत पैसे भरल्यावरच बिल्टी त्याच्या हाती पडते. या साखळीचा कच्चा दुवा ट्रकवाला हा असतो, कारण त्याने बिल्टी न पाहताच माल सोडला तर बँकेच्या हाती कागदाशिवाय काही उरत नाही. म्हणून आयबीएने विश्वासपात्र मालवाहतूकदारांची शिफारस-यादी ठेवण्याची योजना आणली, आणि ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या पाट्यांवर आयबीए-मान्यता हे शब्द अभिमानाने रंगविले जाऊ लागले. जोखमी हुंडीने ज्या प्रश्नाचे उत्तर शोधले होते, तोच हा प्रश्न. माल वाटेत असताना त्यावर उधार देण्याइतका भरवसा कोणावर ठेवावा, हे पूर्वी पेढीवाला आपल्या नात्यागोत्यातून जाणून घेई, ते आता एक संघ तपासणी करून देशभरच्या बँकांना कळवू लागला.

दुसरे असेच काम २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचे. कॅनरा बँकेचे तत्कालीन प्रमुख आर. जे. कामथ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या अहवालावरून आयबीएने ती तयार केली आणि सरकार व रिझर्व्ह बँक यांच्या पाठिंब्याने ती सर्व बँकांत गेली. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण नको, ही तिच्यातील तरतूद ज्या घरात गहाण टाकण्याजोगी जमीन नाही त्या घरासाठी मोलाची होती. सावकाराच्या खतात जमीन आधी आणि माणूस नंतर असे, येथे विद्यार्थ्याच्या पुढील कमाईवर भरवसा ठेवलेला होता. या संस्थेच्या एकूण कामगिरीत या योजनेला फार वरचे स्थान द्यावे लागेल.

यंत्रांच्या आगमनातही संघाची भूमिका मध्यवर्ती ठरली, कारण १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये संगणकीकरणाविषयी कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारांवाचून शाखांत संगणक बसणे कठीण होते. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि ती लेखी अटींनी शमविण्यास दशक लागले. त्यानंतरची मोठी घटना म्हणजे २००८ मध्ये रिझर्व्ह बँक आणि आयबीए यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, ज्याला एनपीसीआय म्हणतात. बँकाबँकांतील देण्याघेण्याचा हिशेब एका ठिकाणी मिटविणारी ही संस्था दहा बँकांनी मिळून उभी केली. २०१० मध्ये तिने मोबाइलवरून तत्काळ पैसे पाठविण्याची आयएमपीएस सेवा, २०१२ मध्ये रुपे कार्ड आणि २०१६ मध्ये यूपीआय आणले. एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात क्षणात पैसे जाण्यासाठी त्या दोन बँकांनी एकमेकींचा शब्द मानावा लागतो, आणि तो मानण्याची सवय एका वर्षात लागलेली नाही. तिच्यामागे साठ वर्षे एकत्र बसण्याचा सराव होता.

तरीही या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. एकत्र बसणाऱ्या स्पर्धकांना ग्राहकाच्या विरोधातही एक होता येते. १९५८ मध्ये बँकांनी ठेवींवर अमुक दरापेक्षा अधिक व्याज द्यावयाचे नाही असा आपसांतील करार केला होता. ठेवींसाठीची जीवघेणी चढाओढ थांबावी हा त्याचा हेतू होता, परंतु ठेवीदाराच्या दृष्टीने ती व्याजावरची मर्यादाच होती. पुढे १९६४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते काम स्वतःकडे घेतले. बँकांच्या सेवाशुल्काचे, म्हणजे ड्राफ्ट, वसुली, खातेवही अशा कामांच्या आकाराचे, प्रमाणदरही अनेक वर्षे आयबीए ठरवीत असे. ती प्रथा १९९९ मध्ये थांबली आणि हे दर ठरविण्याचा अधिकार प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाकडे गेला. हा बदल योग्यच होता, कारण समान कार्यपद्धती आणि समान किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून ग्राहकाचा लाभ होतो तसा दुसरीतून होईलच असे नाही.

दुसरी मर्यादा रायगड जिल्ह्याला अधिक बोचणारी आहे. संघाच्या सदस्यांत काही नागरी सहकारी बँका असल्या तरी त्याचे लक्ष व्यापारी बँकांवर केंद्रित राहिले, आणि तालुक्याच्या गावातील दुकानदार, निवृत्त शिक्षक व भाजीविक्रेती यांची बचत मात्र पुष्कळदा सहकारी बँकांत व पतपेढ्यांत होती. २०१० मध्ये शेजारच्या पेण तालुक्यातील, १९३५ साली स्थापन झालेल्या पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा हजारो ठेवीदार अडकले. ठेव विम्याची मर्यादा त्यावेळी एक लाख रुपये होती. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर १९६२ मध्ये सुरू झालेल्या या विम्याची मर्यादा पाच लाख झाली ती २०२० मध्ये, म्हणजे पेणच्या ठेवीदारांसाठी फार उशिरा. व्यवसायाचा राष्ट्रीय संघ कितीही समर्थ असला तरी त्याच्या छत्राबाहेर राहिलेल्या संस्थांची पडझड तो रोखू शकत नाही, आणि ज्याची ठेव बुडते त्याला ही विभागणी समजावून सांगून काही उपयोग नसतो.

ग्राहकाला या व्यवस्थेत आसन देण्याचा एक प्रयत्न २००६ मध्ये झाला. रिझर्व्ह बँक, आयबीए व बँका यांनी मिळून बँकिंग संहिता व मानके मंडळ स्थापन केले आणि बँकेने ग्राहकाशी कसे वागावे याची लेखी संहिता सदस्य बँकांनी स्वीकारली. ते मंडळ पुढे विसर्जित करण्यात आले. आयबीएचे सदस्य आज दोनशेहून अधिक आहेत, परंतु तिच्या घटनेत ठेवीदाराचा प्रतिनिधी नाही, आणि तो असण्याचे बंधनही नाही, कारण ती बँकांची संघटना आहे. कर्मचाऱ्यांना समोरासमोर बसण्याचा हक्क मिळाला तो त्यांच्या एकजुटीमुळे, ग्राहकांची तशी एकजूट झालेली नाही. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद ठेवण्याचा निर्णय वेतनवाटाघाटीतूनच झाला, आणि आठवड्याला पाच दिवस कामाचा प्रस्तावही बाराव्या कराराच्या वेळी संघ व संघटना यांच्यात मान्य होऊन सरकारच्या मंजुरीवर ठेवण्यात आला. कर्मचाऱ्याच्या विश्रांतीचा हक्क निर्विवाद आहे, पण यात्रेच्या दिवसांत ज्यांची वर्षाची उलाढाल होते अशा व्यापाऱ्यांना व शेतकऱ्यांना त्या चर्चेत कोणी विचारल्याचे दिसत नाही. पुढील करारापूर्वी जिल्हा पातळीवरील ग्राहकांचे म्हणणे आयबीएने ऐकून घ्यावे, आणि त्यासाठी अग्रणी बँकेच्या जिल्हा बैठकांचा उपयोग करावा, ही मागणी रास्त आहे.

तोवर साजगावच्या किंवा कर्जतच्या खातेदाराने एवढे ध्यानात ठेवावे की आयबीए ही तक्रारी निवारणारी संस्था नव्हे. तक्रार प्रथम आपल्या बँकेकडे लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, तेथे त्यासाठी शुल्क लागत नाही.